ऑफिसच्या कामात करिअर करायचंय? नागपुरात कॉलेज निवडताना उलटीकडून सुरुवात करा

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात ओळखीपाळखीतून एखादे तरी पालक माझ्याकडे येतातच. मागच्या वर्षी कळमेश्वरकडचे एक काका आले होते, सोबत मुलगी. पिशवीत पाच कॉलेजांची माहितीपत्रकं. ‘मॅडम, पोरीले ऑफिसातलं काम करायचं आहे. कोणत्या कॉलेजात टाकू?’ मी विचारलं, ‘कोणत्या ऑफिसातलं?’ बापलेक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीच त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता.

मी बावीस वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या भरतीचं आणि नेमणुकांचं काम बघणाऱ्या शाखेत, काढली आहेत. लिपिक आणि कार्यालयीन सहायक घेताना जी चाचणी होते, तिच्या टेबलाच्या या बाजूला बरीच वर्षं बसले आहे. त्यावरून सांगते, कॉलेजची यादी हे शेवटचं काम. आधी ऑफिस ठरवा, मग त्या ऑफिसची जाहिरात वाचा, जाहिरातीवरून शिक्षण ठरवा आणि ते शिक्षण नीट कुठे मिळतं ते बघायला बाहेर पडा.

पहिली पायरी : कोणत्या ऑफिसात बसायचं आहे?

नागपूर हे मुळातच ऑफिसांचं गाव. मध्य प्रांताची आणि नंतर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी इथे होती, त्याच्या खुणा सिव्हिल लाइन्समध्ये पावलोपावली दिसतात. उच्च न्यायालयाचं खंडपीठ, महालेखापालांचं कार्यालय, हिवाळी अधिवेशनाचं विधानभवन, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथे, कोळशाच्या वेकोलिचं इथे, मँगनीजच्या मॉइलचं इथे, पर्यावरण संशोधनाची नीरी इथे. धंतोली-रामदासपेठेत दवाखाने, हिंगणा आणि बुटीबोरीला एमआयडीसी, वर्धा रोडला मिहान. शिवाय शेकडो शाळा-कॉलेजांची स्वतःची कार्यालयं. सगळीकडे पत्र लिहिणारं, फाइल सांभाळणारं, फोन घेणारं, बैठक लावणारं माणूस लागतं.

पण प्रत्येक ठिकाणी कामाची भाषा वेगळी. जिल्हाधिकारी कार्यालयात मराठीत टिप्पणी लिहावी लागते, नस्ती म्हणजे फाइल चालवावी लागते, आवक-जावक नोंदवही आणि कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवायची सहा गठ्ठे पद्धत कळावी लागते. केंद्राच्या कार्यालयात हिंदी आणि इंग्रजी. न्यायालयात इंग्रजीवर हात बसलेला हवा. बुटीबोरीच्या कारखान्यात हजेरी, गेट पास, खरेदीची ऑर्डर, आणि दिवसातला निम्मा वेळ एक्सेल. दवाखान्यात विम्याची कागदपत्रं आणि घाबरलेले नातेवाईक. यातलं कोणतं काम आपल्याला रोज आठ तास झेपेल, हे मुलानं किंवा मुलीनं स्वतः ठरवायचं. जमलं तर ओळखीच्या कुणाच्या ऑफिसात एक दिवस नुसतं बसून या.

दुसरी पायरी : जाहिरात छापून घ्या आणि पात्रतेखाली रेघ मारा

मागच्या भरतीच्या जाहिराती त्या-त्या संकेतस्थळावर पडून असतात. दोन-तीन छापून घ्या. साधारण असं दिसेल.

एमपीएससीमार्फत होणाऱ्या लिपिक-टंकलेखक पदाला कोणत्याही शाखेची पदवी आणि टायपिंग मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट लागतं. जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिकाला पदवीसोबत दोन्ही, म्हणजे इंग्रजी 40 आणि मराठी 30. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, सीएचएसएल परीक्षेला मात्र बारावी पुरते. तिथे कनिष्ठ लिपिकाला इंग्रजी 35 किंवा हिंदी 30 ची गती द्यावी लागते. एसएससीच्या स्टेनोग्राफरलाही बारावीच, पण लघुलेखन ‘ड’ श्रेणीला मिनिटाला 80 शब्द आणि ‘क’ श्रेणीला 100.

रेघा मारून झाल्या की एक गोष्ट आपोआप दिसते. कॉलेजचं नाव कुठल्याच जाहिरातीत नाही, बहुतेक ठिकाणी शाखासुद्धा नाही. पदवी आहे, टायपिंग आहे, संगणकाचं प्रमाणपत्र आहे. राज्य शासनात एमएस-सीआयटी किंवा शासनानं समकक्ष ठरवलेला कोर्स. मग कॉलेज निवडताना एवढा जीव कशाला काढायचा? काढायचा, कारण तीन वर्षं तिथे जाणार आहेत. त्या तीन वर्षांत बोटांना सराव, डोक्याला भाषा आणि परीक्षेच्या तयारीला वेळ देणारं कॉलेज एकीकडे, आणि दिवसभर बसवून संध्याकाळी थकवून घरी पाठवणारं दुसरीकडे. निवड या दोघांत आहे.

तिसरी पायरी : कोणता रस्ता?

दहावीनंतर लवकर कमवायला लागायचं असेल तर आयटीआय बघा. कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, हा एक वर्षाचा ट्रेड आहे. स्टेनोग्राफर अँड सेक्रेटेरिअल असिस्टंट हा दुसरा, तोही एका वर्षाचा. श्रद्धानंदपेठेतली शासकीय आयटीआय सगळ्यांना माहीत असते, पण प्रत्येक संस्थेत प्रत्येक ट्रेड नसतो. प्रवेशाच्या पोर्टलवर संस्था आणि ट्रेड दोन्ही तपासूनच पसंतीक्रम भरा. आयटीआय केल्यावर पदवी सोडू नका, कारण राज्य सरकारचा लिपिकाचा फॉर्म तिच्याशिवाय भरता येत नाही.

बारावीनंतर बी.कॉम., बी.ए., बीबीए आणि आपल्या नागपूर विद्यापीठाचं खास बीसीसीए, म्हणजे वाणिज्य आणि संगणक एकत्र असलेली पदवी. नुसतं ऑफिसचं काम करायचं असेल तर माझं मत बी.कॉम. किंवा बीसीसीएकडे झुकतं. हिशेब, व्यापारी पत्रव्यवहार आणि थोडं संगणक एकाच छताखाली मिळतं. ज्यांनी अकरावी-बारावीला चिटणीसाची कार्यपद्धती हा विषय मनापासून वाचला, त्यांना इतिवृत्त, सूचनापत्र, ठराव हे शब्द नवे राहत नाहीत. बीबीएला जायचं तर सीईटी द्यावी लागते का, हे त्या कॉलेजच्या बाबतीत आधीच विचारून घ्या. 2024 पासून एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता असलेल्या बीबीए-बीसीएसाठी राज्याची सीईटी आहे, आणि बारावीच्या निकालापर्यंत थांबलात तर तिच्या अर्जाची मुदत बहुधा निघून गेलेली असते.

बी.ए.ला लोक उगाच नाक मुरडतात. मराठीत स्वच्छ टिप्पणी लिहिणारा माणूस सरकारी ऑफिसात सोन्यासारखा असतो, आणि मी पाहिलेले असे बरेच जण बी.ए. मराठी किंवा राज्यशास्त्राचे होते. एमपीएससीच्या तयारीलाही त्याची मदतच होते.

घरची जबाबदारी असेल, नोकरी सुरू असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. दोघांचीही विभागीय केंद्रं नागपुरात आहेत आणि दोघांची पदवी सरकारी नोकरीला चालते. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2022 पासून दोन पदव्या एकाच वेळी करायची मुभाही दिली आहे, तेव्हा एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी दूरस्थ असंही जमतं. झेपेल त्यानंच करावं.

चौथी पायरी : घरी बसून कागद तपासा

आता यादी करा, सात-आठ नावांची. जीएस कॉमर्स कॉलेज 1945 पासूनचं, हिस्लॉप 1883 चं, काँग्रेसनगरातलं धनवटे नॅशनल, मुलींसाठी शंकरनगरचं एलएडी. ही नावं घरोघरी माहीत आहेत. त्यांच्यासोबत तुमच्या घराजवळची दोन साधी कॉलेजंही यादीत असू द्या. नावाजलेल्या कॉलेजात जागा मिळाली नाही म्हणून रडणाऱ्या पोरींना मी सांगते, आमच्या चाचणीत गुणपत्रिकेवरचं कॉलेजचं नाव आम्ही बघतही नाही.

संलग्नता आधी बघा. कॉलेज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या यादीत आहे का, आणि तुम्हाला हवा तोच अभ्यासक्रम मान्य आहे का, दोन्ही पाहायचं. चंद्रपूर-गडचिरोलीकडची कॉलेजं 2011 पासून गोंडवाना विद्यापीठात आहेत, तिकडच्या मुलांनी तिथली यादी बघावी. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी काढते आणि त्या यादीत नागपूरचा पत्ता वर्षानुवर्षं राहिलेला आहे, त्यामुळे ‘आपल्या गावात असं होत नाही’ असं समजू नका.

दुसरं, नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी संस्था. लोक नुसती श्रेणी बघतात, ए प्लस की बी, आणि पुढे जातात. त्यापेक्षा कॉलेजच्या संकेतस्थळावरचा स्वयं-अध्ययन अहवाल उघडा. बराच जाडजूड असतो, सगळा वाचायची गरज नाही. दुसऱ्या निकषात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत ते असतं. पाचव्या निकषात विद्यार्थ्यांची प्रगती असते आणि तिथे कोणत्या वर्षी किती मुलं नोकरीला लागली, कुठे लागली, याची यादी जोडलेली सापडते. माहितीपत्रकावर टाय घातलेल्या मुलांचे फोटो कोणीही छापतं. ही यादी मात्र कॉलेजनं सही-शिक्क्यानिशी दिलेली असते. त्यात ऑफिसच्या कामाला लागलेली मुलं किती, तेवढीच मोजा.

पाचवी पायरी : स्वतः जाऊन बघा, आणि मधल्या वारी जा

ही पायरी कोणी टाळू नये. प्रवेशाच्या गर्दीत किंवा कॉलेजच्या कार्यक्रमाच्या दिवशी नको. तासिका सुरू असतानाच्या एखाद्या बुधवारी, सकाळी साडेदहा-अकराला जा. मुलाला सोबत न्या आणि बोलू त्यालाच द्या.

फाटकातून आत गेलात की आधी कार्यालयाची खिडकी गाठा. बोनाफाइडला किती दिवस लागतात, एवढंच विचारा. उत्तर कसं येतं ते ऐका. पुढची तीन वर्षं शिष्यवृत्तीचा फॉर्म, परीक्षेचा फॉर्म, टीसी, सगळं याच खिडकीतून होणार आहे. आणि तुमच्या मुलाला जे काम करायचं आहे ते काम ही माणसं करत आहेत! ज्या कॉलेजच्या स्वतःच्या कार्यालयात कागद सापडत नाही, तिथे कार्यालयीन व्यवस्थापन कोण शिकवणार?

मग संगणक कक्ष. ‘आमच्याकडे साठ कॉम्प्युटर आहेत’ हे ऐकून परत फिरू नका. कक्ष उघडायला लावा. किती सुरू आहेत ते मोजा. खुर्चीवर धूळ असेल तर समजून घ्या. एक सुरू करून दाखवा म्हणा, आणि त्यावर मराठी युनिकोडमध्ये दोन ओळी टाइप करता येतात का ते मुलाला बघू द्या. तासिकेशिवाय सरावाला कक्ष उघडा असतो का, किती वाजेपर्यंत, हे विचारा. याचं उत्तर ‘हो, अर्ज करून’ असं आलं तर तो अर्ज मागच्या महिन्यात कोणी केला होता तेही विचारा.

भिंतीवरचं वेळापत्रक मोबाइलवर टिपून घ्या. खालच्या वर्गात जा आणि त्या तासाला खरोखर कोणी शिकवत आहे का ते बघा. पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणारे, किती, हा प्रश्न सभ्यपणे पण नक्की विचारा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट असतात असं मुळीच नाही, मला त्यातले फार तळमळीनं शिकवणारे भेटले आहेत. पण दर सहा महिन्यांनी माणूस बदलत असेल तर मुलांचं नुकसान होतं.

खरी माहिती बाहेर चहाच्या टपरीवर मिळते. शेवटच्या वर्षाची मुलं गाठा. ‘इंटर्नशिप कुठे केली?’ हा एक प्रश्न पुरतो. नवीन शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत, त्यामुळे प्रत्येक कॉलेजला काहीतरी दाखवावंच लागतं. मुलगा म्हणाला की ‘एका सीएच्या ऑफिसात दोन महिने बसलो, जीएसटीची बिलं लावली’, तर कॉलेज मनापासून करतं आहे. ‘सर्टिफिकेट मिळालं, जायचं नव्हतं’ असं म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

सहावी पायरी : टायपिंगचा वर्ग कॉलेजसोबतच निवडा

कॉलेज आणि टायपिंगची संस्था ही जोडी एकत्र ठरवायची. तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवलं की हातात पदवी येते आणि फॉर्मच्या वेळी प्रमाणपत्र नसतं.

पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शासकीय संगणक टंकलेखन परीक्षा घेते. मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि गती 30 व 40. पेपरमध्ये नुसता गतीचा उतारा नसतो. पत्र असतं, तक्ता असतो. वर्गाला प्रवेश घेताना ती संस्था परिषदेची मान्यताप्राप्त आहे का ते बघा आणि मागच्या सत्राचा निकाल मागा. पहिल्याच दिवशी कीबोर्डचं विचारा. रेमिंग्टन मांडणी शिकवणार की इन्स्क्रिप्ट, हे माहीत असायला हवं, कारण एकदा बोटं बसली की दुसरीकडे वळायला फार त्रास होतो. अजूनही काही वर्गांत फक्त कृतिदेव या जुन्या फॉन्टवर हात बसवून देतात. सरकारी काम युनिकोडवर आहे, तेव्हा युनिकोडमध्ये टाइप करता येत नसेल तर ते शिकणं अर्धवटच.

रोज पाऊण तास. रविवारी सुटी चालेल, पण सलग तीन दिवस खाडा झाला की गती पडते हे मी स्वतःच्या बोटांवर अनुभवलं आहे.

आणि जमत असेल तर लघुलेखन घ्याच. फार कमी मुलं घेतात. राज्य शासनात लिपिकाची वेतनश्रेणी 19,900 पासून सुरू होते, लघुटंकलेखकाची 25,500 पासून. फरक त्या 80 शब्दांच्या गतीचा. दीड-दोन वर्षांची चिकाटी लागते, म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षी सुरू केलेलं बरं.

आमच्या एका चाचणीची गोष्ट सांगते. तीस मिनिटं, काम एकच : हातानं लिहिलेल्या कच्च्या मजकुरावरून एक पत्र, त्याखाली पाच रकान्यांचा तक्ता, छापून सहीला ठेवायचं. नावाजलेल्या कॉलेजची, प्रथम श्रेणीतली एक मुलगी. मजकूर सुरेख टाइप केला, पण तक्त्याचे रकाने तिनं स्पेसबार दाबून-दाबून जुळवले होते. मी समास अर्धा इंच वाढवला आणि सगळे आकडे एकमेकांत घुसले. तिचा चेहरा उतरला. हुशार होती, तिला तीन वर्षांत कोणी संगणकासमोर बसवून एक तक्ता करून घेतला नव्हता. तिच्यानंतर पारशिवनीकडचा एक मुलगा आला. मुक्त विद्यापीठाचा बी.ए., दोन वर्षं कोर्टाजवळच्या टायपिंगच्या टपरीत काम केलेला. अकरा-बारा मिनिटांत पान छापलं, हातात घेऊन एकदा पूर्ण वाचलं, आणि मला विचारलं, ‘मॅडम, जावक क्रमांक काय टाकू? आणि प्रत कोणाले द्यायची आहे?’ त्या प्रश्नावर आमच्या साहेबांनी मान वर करून बघितलं. आज तो आमच्याच शाखेत आहे.

सातवी पायरी : पैसे, कागद आणि अंतर

शुल्काचा पूर्ण तक्ता लेखी घ्या : शिकवणी, परीक्षा, संगणक, ‘इतर’. विनाअनुदानित तुकडीचं शुल्क अनुदानित तुकडीपेक्षा बरंच जास्त असतं आणि दोन्ही तुकड्या एकाच इमारतीत भरतात, म्हणून कोणत्या तुकडीत प्रवेश मिळतोय ते पावतीवर वाचा. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, आणि आधार जोडलेलं बँक खातं हे सगळं निकालाच्या आधीच तयार ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रातल्या रांगा बघितल्या की एप्रिलमध्ये न केल्याचा पश्चात्ताप होतो.

आमच्या नात्यातल्या एका मुलीनं कॉलेज सोडून एका खाजगी संस्थेत ‘ऑफिस मॅनेजमेंट डिप्लोमा’ला पैसे भरले. शंभर टक्के नोकरी म्हणाले होते. वर्षभरानं मिळालेलं प्रमाणपत्र ना कुठल्या विद्यापीठाचं, ना मंडळाचं. फॉर्म भरताना ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यात तिला बारावीच लिहावी लागली. तिची आई रडत आली होती, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा : प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचा असणार? उत्तर लेखी मिळत नसेल तर उठून या.

अंतराचं गणित पालक हलक्यात घेतात. कॉलेजचा रस्ता जाऊन-येऊन अडीच तासांचा असेल तर टायपिंगचा वर्ग सुटणार हे धरून चाला, आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात परीक्षा असते हेही. मेट्रोनं बरंच सोपं झालं आहे. एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज, काँग्रेसनगर ही तर स्टेशनांचीच नावं आहेत. बुटीबोरी, कामठी, काटोलकडून येणाऱ्यांनी एसटीचं किंवा रेल्वेचं वेळापत्रक कॉलेजच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघावं. सकाळपाळीचं कॉलेज असेल तर दुपार मोकळी मिळते; ऑफिसच्या कामाची तयारी करणाऱ्यासाठी मला सकाळपाळी फार चांगली वाटते.

प्रवेश झाला की

पहिल्या आठवड्यात तीन कामं उरकून टाका. टायपिंगच्या वर्गात नाव घाला. एक फाइल करा, त्यात प्रत्येक दाखल्याच्या दोन झेरॉक्स आणि वर अनुक्रमणिका. ही तुमची पहिली नस्ती. आणि कॉलेजच्या कार्यालयात जाऊन अधीक्षकांना विचारा, प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या गर्दीत मदतीला माणूस हवंय का. ‘कमवा आणि शिका’ योजना असेल तर नाव द्या, नसेल तरी विचारा.

कळमेश्वरच्या त्या मुलीनं शेवटी घराजवळचं बी.कॉम.चं कॉलेज घेतलं, सकाळपाळीचं. दुपारी दोन ते तीन सीताबर्डीला मराठी टायपिंग. परवा तिचा मेसेज आला, मराठी 30 निघालं. आता इंग्रजी 40 चा फॉर्म भरते आहे.